कुंडीत मोगरा लावावा की अनंत?

जागा एकाच मोठ्या कुंडीची आहे आणि मन मात्र दोन झाडांत अडकलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही सहा वर्षं शेजारी-शेजारी सांभाळली आहेत. ऊन, निचरा, शेणखत हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी एक गैरसमज. अनंताचं शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडिस. 1761 मध्ये जॉन एलिसने ते ठेवलं आणि त्यातल्या ‘जास्मिनॉइडिस’चा अर्थ ‘जाईमोगऱ्यासारखा’. या साम्यावर विसंबून मी अनंताला पहिली दोन वर्षं मोगऱ्यासारखंच वाढवलं, तिथंच फसलो. मोगरा पारिजातकाच्या घराण्यातला, तर अनंत कॉफीचा भाऊबंद. कॉफीसारखीच त्यालाही आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 5 ते 6 च्या आसपास. नळाचं किंवा बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, घातलं की महिनाभर बरं दिसतं, पण पाणी तेच असेल तर दुखणं परत येतं. मोगऱ्याला हेच पाणी घालत आलोय, त्यानं कधी कुरकुर केली नाही.

वासाबद्दल भांडण नको. अनंताचा वास साईसारखा दाट, मोगऱ्याचा स्वच्छ आणि थोडा तीक्ष्ण. अनंताचं फूल दोन-तीन दिवस टिकतं, पांढऱ्याचं हळूहळू पिवळसर होत जातं. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी फुलाचा तोरा उतरलेला असतो. एकेक फूल तोलून पाहिलं तर अनंत जिंकतो, हे मान्य.

पण अनंताचं फूल हाती लागेपर्यंत काय होतं ते ऐका. त्याची कळी हिरवी, पीळ घातलेली, आणि उमलायला आठवडेच्या आठवडे घेते. रोज सकाळी जाऊन बघावं, आज पांढरी कड दिसेल, उद्या दिसेल. मग एके दिवशी देठाशी पिवळी पडते आणि बोट लावताच गळून हातात येते. एका वर्षी भिंत रंगवायची म्हणून कुंडी चार दिवस पलीकडच्या बाजूला नेली. झाडावर तेवीस कळ्या होत्या, उमलल्या चार. पुढच्या वर्षी कुंडी जागची हलवली नाही, तर उकाड्यात दोन दिवस पाणी चुकलं आणि त्या अपराधी भावनेनं तिसऱ्या दिवशी भसाभस घातलं. पुन्हा तेच. रात्री फार उबदार राहिल्या तरी गळतात, हवा कोरडी झाली तरी गळतात. झाड मरत नाही हो, पानं चकचकीत, तब्येत ठणठणीत. फक्त फुलं देत नाही. मेलं असतं तर निदान दुसरं लावलं असतं.

रंगकामाच्या त्याच गडबडीत मोगऱ्याची कुंडीही हलली होती. त्यानं थोडी पानं टाकली. मी चिडून निम्म्या फांद्या कापल्या, आणि दीड महिन्यात नव्या शेंड्यांवर कळ्यांचे झुबके आले. मोगऱ्याचं सगळं गणित यातच आहे. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून बहर सरला की छाटायचं, हात आखडायचा नाही. फुलं येत नाहीत म्हणणाऱ्यांची झाडं मी पाहिली, बहुतेकांनी मायेनं कात्रीच लावलेली नव्हती. उरलेल्यांनी सावलीत ठेवलेली, नाहीतर नत्राचं खत घालून नुसती पानंच वाढवलेली.

मोगऱ्याच्याही खोड्या आहेत. कळ्या न उमलताच जांभळट पडू लागल्या की आत कळी पोखरणारी अळी आहे असं समजा. तशा कळ्या झाडावर नि मातीत न ठेवता वेचून नष्ट केल्या तर माझ्याकडे पुढची खेप सहसा सुटते. बहर नसताना झाड अगदीच भणंग दिसतं. अनंत बिनफुलांचाही देखणा, दारात ठेवावा असा. त्याला पिठ्या ढेकूण, ती पांढरी कापसासारखी कीड, मात्र आवडीनं येतो, पानांच्या बगलांत बघत राहावं लागतं.

तेव्हा पावसाचं पाणी साठवता येत असेल, कुंडीची जागा कायमची ठरलेली असेल आणि उन्हाचे चारच तास मिळत असतील, तर कदाचित तुम्हाला अनंतच लाभेल. माझ्याकडे यातलं काही नाही. गावाला जातो, कुंड्या सरकवतो, पाणी कधी विसरतो. अशा माणसानं मोगरा लावावा असं मला वाटतं. पहिल्या वर्षी दोन-तीन वेळा शेंडे खुडा, म्हणजे झाड डेरेदार होईल.

माझा अनंत अजून आहे, त्याच कोपऱ्यात. यंदा नऊ कळ्या धरल्यात. कोपरा झाडायचाय, पण कुंडी सरकवायची हिंमत होत नाही.