पर्वरीची बोर्डाची कॉलनी की कदंब पठारावरचं कॉम्प्लेक्स?

पणजीत नोकरी, मुलं शाळेत आणि बजेट बेताचं असलं की घर बघणाऱ्याची गाडी बहुतेकदा दोन ठिकाणी येऊन थांबते. आल्त पर्वरीत हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतलं रिसेलचं घर, नाहीतर कदंब पठारावरच्या गेटेड कॉम्प्लेक्समधला फ्लॅट. मी पठारावर सहा वर्षं काढली, तो फ्लॅट विकला आणि आता पर्वरीत राहतो. तेव्हा माझं माप थोडं पर्वरीकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

पठारावर राहायला सुख होतं. मुलं अंधार पडेपर्यंत आत सायकल चालवायची आणि कुणाला गॅलरीतून डोकावावं लागत नसे. पार्किंगवरून कधी वाद झाला नाही. वीज गेली तरी लिफ्ट चालू. ऑफिसला वीस मिनिटं. पर्वरीत यातलं बरंच नाही. उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून हायवेच्या बाजूच्या घरांत धूळ किती येते ते तिथल्या बायकांना विचारा. त्यामुळे बघायचंच तर आतल्या गल्लीतलं घर बघा. पाण्याचं म्हणाल तर पठाराला ओपाच्या जलप्रकल्पाचं, पर्वरीला तिळारी धरणाचं. तिळारीचा कालवा फुटला की आमचे नळ कोरडे पडतात, म्हणून टाकी मोठी हवी. पण उन्हाळ्यात पठारावरही आमच्या कॉम्प्लेक्सला टँकर यायचेच, आणि त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये लागायचे.

एवढ्यावरच ठरवायचं असतं तर मी पठार सोडलं नसतं. आई आमच्याकडे कायमची राहायला आली, तिला जिना-लिफ्टचा त्रास होऊ लागला, म्हणून फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक पंधरा दिवसांत मिळालं. त्याच्या बँकेने सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मागितली आणि तिथे सगळं अडलं, कारण मेंटेनन्स सोसायटी नोंदलेलीच नव्हती. निम्म्याहून जास्त फ्लॅटचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत ग्राहकांची संस्था उभी राहिली पाहिजे, असं रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, सांगतो. आमच्याकडे ताबा मिळून पाच वर्षं उलटली होती आणि दरमहा मेंटेनन्स बिल्डरच्याच खात्यात जात होता. एनओसी तोच देणार, आणि त्यासाठी चौरस मीटरमागे ट्रान्सफर फी घेणार. करारात तसं कलम होतं. सही करताना मी ते वाचलं होतं, पण तेव्हा विकायचं कुणाच्या डोक्यात असतं?

मी त्या ऑफिसात नऊ वेळा गेलो. काउंटरवरची मुलगी प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर ‘मिळाले’ असा शिक्का मारून द्यायची. असे चार शिक्क्यांचे कागद अजून फाइलमध्ये आहेत. चौथ्या शिक्क्यापर्यंत गिऱ्हाइकाच्या कर्जमंजुरीची मुदत संपली. तो भला माणूस, थांबला. पण दीड लाख कमी करून घेतले, आणि मला नाही म्हणवलं नाही. स्वतःच्या घराची किंमत ठरवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं, याचं दुःख त्या दीड लाखापेक्षा मोठं होतं.

पर्वरीचं घर घेताना कागद कमी होते असं नाही. उलट जास्तच. मूळ मालक वारलेले, मागे पत्नी आणि तीन मुलं. आपल्याकडे गोव्याच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे मुलांबरोबर सुना-जावयांच्याही सह्या लागतात. एक मुलगी दुबईला, म्हणजे तिचं आणि जावयाचं मुखत्यारपत्र तिकडून यायचं. शिवाय सक्सेशन डीड (वारस कोण ते नोंदवणारा दस्त), बोर्डाकडचं हस्तांतरण, पंचायतीत घरपट्टी नावावर करणं. चार महिने गेले. पण पहिल्याच भेटीत वकिलांनी कोऱ्या कागदावर सात नावं लिहून दिली होती. मी तो कागद खिशात ठेवला आणि जसजशी सही होईल तसतशी बरोबरची खूण करत गेलो. कुठे अडलंय हे रोज कळत होतं, आणि सातवी खूण होईपर्यंत मी टोकनपलीकडे रुपया दिला नव्हता. जुन्या घराची कटकट अशी घेण्याआधीच समोर येते. नव्याची मला विकताना कळली. बँकेने घर जुनं म्हणून कर्ज थोडं कमी दिलं, ते मात्र सोसावं लागलं.

प्रत्येक बिल्डर तसा नसतो, हे मलाही मान्य आहे. पठारावर सोसायटी रीतसर नोंदलेली, हिशेब सभासदांच्या हातात असलेली कॉम्प्लेक्सेस आहेत, आणि रेराखालच्या नव्या इमारतीत बांधकामाचा दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर असते. जुन्या घराला तो आधार नाही. माझ्या स्लॅबची गळती मीच काढली. लहान मुलं असतील आणि पुढची दहा-पंधरा वर्षं हलायचं नसेल, तर पठार चुकीचं म्हणणार नाही.

माझा भाचा सध्या पठारावरच बघतोय. त्याला इतकंच सांगितलंय की सॅम्पल फ्लॅट मागाहून बघ, आधी सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला माग. सोसायटी अजून व्हायची असेल तर करारातलं ट्रान्सफर फीचं कलम काढून घे, आणि काढत नसतील तर टोकन देऊ नकोस. आणि रविवारी सकाळी माझ्याकडे ये. आमच्या मागच्या गल्लीत एक घर निघतंय, मालकीण हयात आहे, दोघंच मुलगे आणि दोघेही गोव्यातच.