डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन: ज्येष्ठांसाठी कोणती जोखीम कुठे?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत स्मृतिभ्रंशावर उपचार घेणाऱ्या आजी-आजोबांच्या औषधांत ही दोन नावे वारंवार दिसतात. मात्र त्यांचे धोके सारखे नाहीत.

डोनेपेझिल मेंदूतील असेटिलकोलिन हे स्मृतीला मदत करणारे रसायन टिकवून धरते, परंतु हाच परिणाम हृदयावर झाल्यास नाडी मंदावते, आणि रुग्ण भोवळ येऊन पडला तर खुब्याचे हाड मोडण्यापर्यंत वेळ येते. रक्तदाबासाठीची, पण नाडीही मंदावणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असल्यास धोका वाढतो, म्हणून आधी ईसीजी काढून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आजींनी ‘घेरी आली’ म्हटले, तर ते वयावर न ढकलता नाडी मोजावी. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सोबत घेतल्यास जठरात रक्तस्राव होऊ शकतो. काळी शौच हे त्याचे लक्षण. निपाणी परिसरात तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेलेल्या ज्यांना दमा किंवा श्वसनाचा जुना विकार आहे, त्यांचा त्रासही बळावू शकतो.

मेमॅन्टिनने नाडी सहसा मंदावत नाही. चक्कर, बद्धकोष्ठता आणि क्वचित वाढलेला गोंधळ हे त्याचे त्रास. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने तीव्र मूत्रपिंडविकारात दिवसाची मात्रा 20 ऐवजी 10 मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध सोबत टाळावे.

नाडी मंद असलेल्या वा वारंवार पडणाऱ्या रुग्णासाठी, मूत्रपिंड ठीक असल्यास, मला मेमॅन्टिन अधिक सुरक्षित वाटते. मात्र आजाराच्या सौम्य अवस्थेत त्याचा लाभ अल्पच असल्याने हा बदल डॉक्टरांनीच ठरवावा.