कोडची भिशी : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातल्या, आयटीत काम करणाऱ्या बायकांच्या एका छोट्या गटात गेले. आता जून संपत आलाय. जायच्या आधी मी अशा गटांबद्दल बरंच शोधलं होतं. सापडायचं ते पहिल्या दिवसाच्या उत्साहात लिहिलेलं, नाहीतर नुसते फोटो. दहा महिन्यांनी काय उरतं ते कुणी सांगत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती. सात वर्षं जावा या प्रोग्रामिंग भाषेवर काम केलं, मग मुलगी झाल्यावर पाच वर्षं घरी. नोकरी सोडली तेव्हा आम्ही तयार ॲपची वॉर फाइल बनवून टॉमकॅट या सर्व्हरवर हाताने चढवायचो. परत शोधायला लागले तर प्रत्येक जाहिरातीत डॉकर, कुबरनेटिस, पाइपलाइन, म्हणजे हेच काम आपोआप करणारी नवी साधनं. तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतले, एकही पुरा झाला नाही. व्हिडिओ समजायचा, पण रात्री अकराला एरर आली की विचारायला माणूस नसायचं.

गटात आम्ही अकरा जणी. फी नाही. दर दुसऱ्या शनिवारी साडेदहा ते एक, कोथरूडला एकीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलांना आणता येतं; शेजारच्या खोलीत दोघी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसतात. बुधवारी रात्री साडेनऊला तासभर व्हिडिओ कॉल.

पहिले दोन महिने मला फारसे आवडले नव्हते. दर वेळी कुणीतरी मोठ्या पदावरची बाई यायची, आपला प्रवास सांगायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. ऐकताना बरं वाटायचं आणि सोमवारी सकाळी हातात काही नसायचं. ऑक्टोबरमध्ये आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी ताई, ज्यांची टेस्टिंगमध्ये वीस वर्षं गेली आहेत, म्हणाल्या, ‘अगं, आपण भिशीच लावू या ना. पैशाच्या जागी वेळ घालायचा.’

तेव्हापासून चिठ्ठी निघते. जिचं नाव येईल तिच्या अडचणीवर बाकीच्या दहा जणींनी पूर्ण शनिवार घालवायचा. अडचण कसलीही चालते : न चालणारा कोड, मुलाखतीची तयारी, अप्रेझलचा फॉर्म, मॅनेजरला लिहायची मेल. फक्त ती आधी लेखी, एका पानात द्यायची. आणि भिशीचा जो जुना नियम आहे तोच इथे : आपला नंबर लागून गेला म्हणून पुढच्या हप्त्याला दांडी मारायची नाही. या एका बदलाने गट उभा राहिला असं माझं ठाम मत आहे. तोवर आपण मदत मागतोय याचा संकोच वाटायचा. नंबर आला की तो वाटत नाही, कारण तो वेळ आपल्या हक्काचा असतो.

माझी चिठ्ठी नोव्हेंबरात निघाली. सरावासाठी मी स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये कर्जाच्या हप्त्यांचं छोटं ॲप लिहिलं होतं आणि यादीचं पान उघडायला फार वेळ लागत होता. मी चार दिवस सर्व्हरची सेटिंग्ज बदलत बसले होते. एकीने हायबरनेटचा (डेटाबेसशी बोलणारं साधन) एसक्यूएल लॉग, म्हणजे डेटाबेसला काय काय विचारलं जातं त्याची नोंद, चालू करायला सांगितला. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. कर्जांसाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न, आणि मग प्रत्येक कर्जाच्या हप्त्यांसाठी आणखी एकेक. २०० कर्जं, म्हणजे २०१ क्वेरी. जॉइन फेच (सगळी माहिती एकदमच मागायची पद्धत) लावल्यावर एकच क्वेरी उरली आणि पान झटकन उघडलं. हे पुस्तकात आहे, मी वाचलंही होतं. पण त्या दिवशी कुणी मला उत्तर दिलं नाही. लॉग कुठे बघायचा ते दाखवलं आणि मी ओळी मोजेपर्यंत सगळ्या गप्प बसल्या. नव्या नोकरीत तिसऱ्याच आठवड्यात असाच प्रकार आला, तेव्हा मी सरळ लॉग उघडला.

कोड रिव्ह्यूचे, म्हणजे एकमेकींचा कोड तपासण्याचे, आमचे दोन नियम आहेत. आधी प्रश्न विचारायचे, मग सूचना करायची. आणि ‘सोप्पं आहे गं’ हे वाक्य बंद. समोरचीला ते सोपं नसतं म्हणूनच ती विचारत असते.

आता पगाराबद्दल, कारण मला सगळ्यात मोठा फायदा तिथे झाला. डिसेंबरात आम्ही निनावी चिठ्ठ्या लिहिल्या : अनुभवाची वर्षं, काम, सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज), शेवटची वाढ. टेबलावर मांडल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. जवळजवळ सारख्या कामाला एकीला दुसरीच्या दीडपट पगार होता. मी गॅपच्या आधीचा आकडा धरून ९ लाख मागणार होते. मैत्रिणींनी मला १४ म्हणायला लावलं आणि म्हटल्यावर गप्प राहायचा सराव चार वेळा करून घेतला, कारण मी प्रत्येक वेळी घाईने ‘पण निगोशिएबल आहे’ जोडत होते. फेब्रुवारीत साडेबारावर ठरलं.

उणिवाही लिहायलाच हव्यात. पहिली भाषेची. सोलापूरहून डिप्लोमा करून आलेली एक मुलगी दोन महिने एक शब्द बोलली नव्हती, कारण आमच्या चर्चा नकळत इंग्रजीत चालायच्या. मराठीत बोलायचं ठरवल्यावर तिने पहिल्याच दिवशी आमच्या डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवायच्या) स्क्रिप्टमधली चूक दाखवली. पण त्याच निर्णयाने इंदूरची एक मैत्रीण बाजूला पडली आणि जानेवारीत यायची थांबली. तिला वेळेवर विचारायला हवं होतं, ते राहिलं. आता जिची चिठ्ठी निघते ती भाषा ठरवते.

दुसरी जास्त गंभीर. एका मैत्रिणीने ऑफिसमधल्या त्रासाबद्दल सांगितलं आणि आम्ही धीर देण्यात पाच आठवडे घालवले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची असते, हे आमच्यापैकी एकीलाही नीट माहीत नव्हतं. समिती सबळ कारण पाहून आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नये. दहापेक्षा कमी माणसांची कंपनी असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. त्या मैत्रिणीची तक्रार मुदतीत गेली, अगदी शेवटच्या आठवड्यात. तेव्हापासून अशा वेळी पहिल्याच दिवशी तारखा लिहून काढतो आणि वकील गाठतो. बोललेलं बाहेर जात नाही, हा नियम तर पहिल्यापासूनच आहे. अनिता बोर्ग यांनी १९८७मध्ये अमेरिकेत संगणकक्षेत्रातल्या मोजक्या बायकांना जोडून ‘सिस्टर्स’ हा गट सुरू केला, तेव्हा त्यांनीही आतलं आत ठेवण्यावर भर दिला होता. त्या खात्रीशिवाय पगाराची चिठ्ठीसुद्धा कुणी लिहिणार नाही.

तिसरी उणीव मेहनतीची. हॉल ठरवणं, निरोप देणं, आठवण करून देणं, सगळं आमच्यातली एकच जण पाहायची. जानेवारीत ती आजारी पडली आणि लागोपाठ दोन शनिवार बुडाले. ‘विमेन हू कोड’सारखी २०११पासून चाललेली, तंत्रक्षेत्रातल्या बायकांची जगभरची संस्था २०२४च्या एप्रिलमध्ये पैशांअभावी बंद झाली, आमच्याकडे पैशांचा प्रश्नच नाही, पण माणूस थकलं की छोटा गटही तसाच थांबतो. आता गटाची वही, आणि तिच्याबरोबर ही सगळी जबाबदारी, दर महिन्याला दुसरीच्या हातात जाते.

मार्चमध्ये आम्ही कॉलेजच्या नऊ मुलींसाठी एक दिवस ठेवला. ‘जँगो गर्ल्स’चं मोफत ट्यूटोरियल घेतलं. २०१४मध्ये बर्लिनला दोन पोलिश मैत्रिणींनी सुरू केलेला, मुलींना वेबसाइट बनवायला शिकवणारा हा उपक्रम आहे आणि तीन मुलींमागे एक शिकवणारी ही त्यांचीच पद्धत. संध्याकाळी नऊपैकी आठ जणींची वेबसाइट चालू झाली. नवव्या मुलीचा लॅपटॉप बंद पडत होता. ती पुढच्या बुधवारी कॉलवर आली आणि पूर्ण करून गेली. मला तो कॉल त्या दिवसाइतकाच आवडला.

कुणी यावं? गॅपनंतर परतणाऱ्यांनी नक्की. टेस्टिंग आणि सपोर्टमधल्यांनी थोडा आग्रह धरून यावं, कारण आमच्या चर्चा अजूनही डेव्हलपमेंटकडे झुकतात. खराडी-वाघोलीकडे राहणाऱ्यांना कोथरूड लांब पडतं. त्यांनी आपल्या भागात पाच जणी जमवून वेगळी भिशी लावावी, आमची नियमांची वही देऊ. नोकरी लावून मिळेल या अपेक्षेने येणाऱ्यांची मात्र निराशा होईल.

इंदूरच्या मैत्रिणीला मी मागच्या आठवड्यात फोन केला. या शनिवारी ती येतेय, आणि चिठ्ठी न काढता पहिला नंबर तिला द्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तिचं पान कालच आलं, हिंदीत. टीम लीडच्या पदासाठी अर्ज करायचा आहे आणि त्यात स्वतःच्या कामाबद्दल काय लिहायचं ते तिला सुचत नाहीये.