सळई: काट्यावर तोलावी की सूत्राने काढावी?

बांधकामावर सळई आली की वजन काढायचे मार्ग दोन. गाडी वजनकाट्यावर घाला, नाहीतर नग मोजून हिशेब मांडा.

हिशेबामागचं तत्त्व शाळेतलंच: घनता गुणिले आकारमान. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो. साइटवर मात्र एवढं कोण करत बसतो! व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करून १६२ने भागायचं, की मीटरमागे किलो मिळतात. हा १६२ म्हणजे पाय (π), घनता आणि एककं यांचा हिशेब आधीच करून ठेवल्याचा आकडा. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८९ किलो, म्हणजे १२ मीटरचा नग १०.६७ किलो.

अडचण अशी, की सूत्र छापील व्यास खरा धरतं. भारतीय मानकच १० मिमीपर्यंत वजनात ७ टक्के आणि त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतं. तो फरक फक्त काट्यावर दिसतो. काट्याचाही भरवसा रिकाम्या गाडीचं वजन त्याच दिवशी केलं असेल तरच.

खरेदीचं बिल मी काट्यावरच करेन. अंदाजपत्रकाला सूत्र पुरे. शंका आलीच तर मीटरभर तुकडा कापून तोलावा.