टॅब्लेट की बोटीवर बसवलेला चार्टप्लॉटर?

गेटवेहून मांडव्याला शिडाने जायचं तर आदल्या रात्री घरी बसून टॅब्लेटवर मार्ग आखता येतो, हे सुख चार्टप्लॉटरला, म्हणजे बोटीवर बसवलेल्या सागरी नकाशाच्या जीपीएस पडद्याला, नाही. हवामानात तर टॅब्लेटच सरस. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपीय) आणि जीएफएस (अमेरिकी) ही अंदाजाची दोन्ही मॉडेलं पाहते. त्यांचं आपसात जुळत नसेल तर शीड आधीच आखूड करून निघते. तरी सकाळचा मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) पडून दुपारचा खारा वारा (समुद्रावरून येणारा) नेमका कधी उठेल, ते पाण्यावर सरकत येणारी काळसर सुरकुतीच आधी सांगते.

पण भर उन्हात टॅब्लेटचा भरवसा नाही. एप्रिलमध्ये कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या बाहेर माझा तापून बंद पडला, आणि थंड करून चालू केला तर ओल्या बोटांना दाद देईना. चार्टप्लॉटर उन्हापाण्यासाठीच बनवलेला असतो, बोटीच्या बॅटरीवर चालतो. महाग आहे, तरी खडकांजवळ माझी नजर त्याच्यावरच.

टॅब्लेटच घेणार असाल तर सिमवाला घ्या. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. नकाशे धक्क्यावरच उतरवून घ्या.