लाल डोळा आणि पांढरा डोळा: पोटाच्या आजारात कशाला जास्त घाबरायचं?

सांगलीत पोराचा डोळा लाल झाला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, "डोळे आलेत, होईल चार दिवसांत बरं." पण पोराला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला वारंवार सूज येणारे जुनाट आजार) असेल तर एवढ्यावर सोडू नका. आतड्यासारखीच डोळ्यालाही सूज येते, आणि तिचे दोन प्रकार अगदी उलट वागतात.

एपिस्क्लेरायटिस, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या थराची सूज, दिसायला भयंकर. बुबुळाच्या बाजूला लालभडक चट्टा, थोडी चुरचुर. पण चिपडं नाहीत, नजर शाबूत. हा बहुतेक वेळा पोटाच्या मागोमाग चालतो. जुलाब, रक्त वाढलं की डोळा लाल, आतडं शांत झालं की तोही ओसरतो. (ठणक्यावर घरातली आयब्युप्रोफेन देऊ नका, तिनं पोट बिघडू शकतं.)

युव्हियायटिसला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेला, पोटाची फिकीर नसते. शौच व्यवस्थित, वजन वाढतंय, तरी आत सूज असू शकते. मोठ्यांना उजेड खुपतो, धूसर दिसतं. मुलांत कधीकधी यातलं काहीच नसतं. माझ्या भाचीचा डोळा पांढराशुभ्र होता. मिरजेत स्लिट लॅम्पवर (उजेडाची बारीक फट टाकून डोळ्यात बघायचं यंत्र) हनुवटी टेकवली आणि डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: कवडशात धूळ तरंगावी तसे कण, आणि बाहुलीची एक कड मागच्या भिंगाला चिकटलेली. हे असंच राहिलं तर मोतीबिंदू, काचबिंदू.

मग लाल व्हायची वाट बघायची की आधीच तपासायचं? माझं मत सरळ आहे: पोटाचं निदान झालं की एकदा स्लिट लॅम्प तपासणी करून घ्या. अर्धा दिवस जातो, बाहुली मोठी करायच्या थेंबांनी काही तास अक्षर दिसत नाही, एवढंच. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही.

स्टिरॉइडचे थेंब गुणकारी, पण डोळ्याचा दाब वाढवू शकतात. आम्हाला एका मेडिकलवाल्यानं ते चिठ्ठीशिवाय दिले होते, अजून राग येतो. पुढची पायरी आली तर अ‍ॅडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही सूज दाबणारी इंजेक्शनं पोट आणि डोळा दोन्हीकडे उपयोगी पडतात, टीबीची तपासणी मात्र आधी. वेडोलिझुमॅब हे दुसरं इंजेक्शन मुख्यतः आतड्यापुरतं. ते ठरवण्याआधी पोटाच्या डॉक्टरांना डोळ्याचा कागद दाखवा.

भाचीचं पोट वर्षभर शांत आहे. मिरजेची फेरी दर तीन महिन्यांनी चालूच आहे.