संशोधन की खातरजमा? आरोग्य नियामकाने बाहेरून नेमके काय मागवावे

आरोग्यक्षेत्रातील नियामक संस्थेपुढे घरच्या माणसांकडून सुटण्यासारखा नसलेला प्रश्न उभा राहिला, की बाहेरून काम करून घेण्याचा प्रस्ताव तयार होतो आणि त्यावर बहुधा ‘स्वतंत्र आढावा’ असे मोघम शीर्षक असते. या शीर्षकाखाली दोन अगदी वेगळ्या सेवा मागवल्या जातात. एखादी गोष्ट का घडते आहे हे शोधून काढणे म्हणजे संशोधन. आणि आपण जसे वागतो असे सांगतो तसे खरोखर वागतो का, हे ठरलेल्या निकषांशी ताडून पाहणे म्हणजे खातरजमा, ज्याला लेखापरीक्षक ‘ॲश्युरन्स’ म्हणतात. यांपैकी काय हवे आहे हे निविदा काढण्यापूर्वी ठरले नसेल, तर पुढचे सारे गुणांकन कितीही काटेकोर झाले तरी चुकीच्या कामासाठी योग्य संस्था निवडली जाण्याचीच शक्यता अधिक.

डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारींचेच उदाहरण घेऊ. ‘विशिष्ट गटातील डॉक्टरांविरुद्ध अधिक तक्रारी का येतात?’ हा संशोधनाचा प्रश्न आहे. त्याला आधीपासून ठरलेला निकष नाही, मुलाखती घ्याव्या लागतात आणि उत्तर कोणत्या दिशेला जाईल हे कोणालाच ठाऊक नसते. ‘आलेल्या तक्रारींची प्राथमिक छाननी आमच्या नियमावलीप्रमाणे होते का?’ हा मात्र खातरजमेचा प्रश्न आहे. येथे तपासनीस काही फायली नमुन्यादाखल काढतो आणि प्रत्येक फायलीत त्याच त्या गोष्टी पाहतो: तक्रार बंद करण्याची कारणे लिहिली आहेत का, ती लिहिण्याची तारीख निर्णयाच्या आधीची आहे की नंतरची, दुसऱ्या अधिकाऱ्याने फाईल पाहिल्याची नोंद आहे का. कारणे निर्णयानंतर लिहिली गेली असतील, तर ते तारखेवरून दिसते. मुलाखतीत कोणी आपणहून सांगणार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदणी व नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने मागवलेला एक संशोधन अहवाल जून 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांसारखे नियोक्ते वांशिक अल्पसंख्य डॉक्टरांची प्रकरणे गोऱ्या डॉक्टरांच्या तुलनेत दुपटीहून अधिक प्रमाणात कौन्सिलकडे का पाठवतात, हा त्याचा विषय होता. रुजू होताना मिळणारी अपुरी माहिती आणि मदत, चुका वेळेवर व स्पष्टपणे सांगण्याची टाळाटाळ, दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची कार्यसंस्कृती, अशी कारणे संशोधकांसमोर आली. ही सारी कारणे प्रकरण कौन्सिलच्या दारात येण्यापूर्वीची होती. कौन्सिलच्या स्वतःच्या फायली कितीही बारकाईने तपासल्या असत्या, तरी ती सापडली नसती.

संशोधन कोणाकडून करून घ्यावे, याचे उत्तर बरेचसे वेळापत्रकावर अवलंबून आहे. विद्यापीठाचा गट पद्धतीच्या बाबतीत सर्वांत भक्कम, पण नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागी मिळवणे यांत महिने जातात. त्याच कौन्सिलने डॉक्टरांच्या नियतकालिक फेरप्रमाणीकरणाचे, म्हणजे डॉक्टर व्यवसायासाठी अजून योग्य आहेत का हे ठरावीक काळाने पुन्हा तपासण्याच्या पद्धतीचे, मूल्यमापन 2014 मध्ये विद्यापीठांच्या एका गटाकडे सोपवले आणि अंतिम अहवाल 2018 मध्ये आला. धोरण मुळापासून समजून घ्यायचे असेल तर हा कालावधी रास्त आहे; पुढच्या तिमाहीत निर्णय घ्यायचा असेल तर निरुपयोगी. सल्लागार कंपनी मुदत पाळते आणि सादरीकरण चांगले करते, परंतु निविदेच्या वेळी समोर आलेली अनुभवी माणसे प्रत्यक्ष कामात दिसतीलच असे नाही. म्हणून कोण किती दिवस काम करणार हे करारातच नावानिशी लिहून घ्यावे. तिसरा पर्याय म्हणजे एखाद्या जाणत्या व्यक्तीच्या नेतृत्वाखालील आढावा. इंग्लंडमधील रुग्णालये व काळजीसेवा तपासणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनसंबंधी 2024 मध्ये असे दोन झाले: सरकारने पेनी डॅश यांच्याकडे सोपवलेला आणि कमिशनने स्वतः माइक रिचर्ड्स यांच्याकडे सोपवलेला, दोन्ही अहवाल ऑक्टोबरमध्ये बाहेर आले. यात वेग असतो आणि नावाचे वजनही, मात्र तेच काम दोन वर्षांनी त्याच पद्धतीने पुन्हा करून तुलना करणे कठीण जाते.

खातरजमेच्या बाबतीत खरा निर्णय पातळीचा, म्हणजे खात्री किती ठाम हवी याचा असतो आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. वित्तीय हिशेबांव्यतिरिक्तच्या अशा कामांसाठी लेखापरीक्षण व्यवसायात वापरले जाणारे आंतरराष्ट्रीय मानक आयएसएई 3000 दोन पातळ्या मानते. मर्यादित पातळीवरील निष्कर्ष साधारणपणे ‘निकषांचे पालन झालेले नाही असे मानण्याजोगे काहीही आमच्या निदर्शनास आले नाही’ असा नकारार्थी असतो. वाजवी पातळीवर मात्र ‘आमच्या मते, सर्व महत्त्वाच्या बाबतींत निकषांचे पालन झाले आहे’ असे होकारार्थी मत दिले जाते. दुसऱ्यासाठी पुरावा कितीतरी जास्त गोळा करावा लागतो आणि शुल्कही त्या प्रमाणात चढते. पहिल्याचे पैसे देऊन संचालक मंडळासमोर दुसऱ्याचा आव आणणे ही सर्रास घडणारी चूक आहे. अंतर्गत वापरासाठी मर्यादित पातळी बहुधा पुरते. विधिमंडळाला किंवा जनतेला काही ठामपणे सांगायचे असेल तर पुरत नाही.

दोन्ही कामे एकाच करारात एकाच संस्थेला देण्याचा मोह होतो, कारण कागदपत्रे एकदाच करावी लागतात. माझे मत याच्या विरोधात आहे. ज्या गटाने संशोधनातून सुधारणा सुचवली, त्याच गटाने वर्षभराने ती सुधारणा नीट राबली का हे तपासले, तर तो आपल्याच उत्तरपत्रिकेला गुण देत असतो. लहान नियामकाला दोन करार झेपत नसतील, तर निदान तपासणीचा गट वेगळा असावा आणि त्याने अहवाल थेट लेखापरीक्षण समितीकडे द्यावा, संशोधन मागवणाऱ्या विभागाकडे नव्हे. बोली लावणारी संस्था याच नियामकाच्या देखरेखीखालील रुग्णालयांनाही सल्ला देते का, हेही आधीच विचारावे.

प्रसिद्धीचे कलम मात्र दोन्हींत सारखे ठेवू नये. संशोधनात निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क संशोधकांकडे असावा आणि नियामकाला फक्त तथ्यांच्या चुका दाखवण्यासाठी मसुदा ठरावीक दिवस आधी मिळावा. तो हक्क नाकारला तर चांगले विद्यापीठ बोलीच लावणार नाही. खातरजमेच्या अहवालात फायलींतील रुग्णांचा व डॉक्टरांचा तपशील असतो, म्हणून तो गोपनीय ठेवून त्याचा सारांश प्रसिद्ध करणे योग्य ठरते. तो सारांश कोण लिहिणार, हे कराराच्या मसुद्यातच ठरवावे, आणि माझ्या मते तो तपासनीसानेच लिहावा.